खंड पडलेल्या पदव्या

१९०५ साली इंग्रज सरकारने वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी केली, तीत वाशीम जिल्हा बरखास्त झाला आणि त्याचे तालुके अकोला व यवतमाळ या शेजाऱ्यांत वाटले गेले. पुढे इंग्रज गेले, वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात व तेथून महाराष्ट्रात आले, आणि अखेर १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे त्र्याण्णव वर्षांच्या खंडानंतर, वाशीम पुन्हा जिल्हा झाला. पटावरून नाव कमी झालेल्या विद्यार्थ्याने उतारवयात परत येऊन उरलेली इयत्ता पुरी करावी, तशातलाच हा प्रकार होय. तेव्हा चाळिशी ओलांडलेली माणसे विसाव्या वर्षी सोडून दिलेली पदवी पुरी करण्यास निघाली, तर निदान वाशीमकरांनी तरी त्याचे नवल करू नये.

१ जुलै या तारखेचाही येथे मोठा योग आहे. ज्या संस्थेच्या आश्रयाने ही राहिलेली शिक्षणे बहुतांशी पुरी होतात, ते नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झाले. आणि वऱ्हाडातील कोणत्याही खेड्याच्या शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर उघडले, तर गावातील कितीतरी माणसे नेमकी १ जुलैलाच जन्मास आल्याची नोंद आढळते. आईबापांना जन्मतारीख सांगता येत नसे, गुरुजींना तर मूल त्याच वर्षी पहिलीत घ्यावयाचे असे, आणि मग वयाची अट पुरी होईल अशी सोयीची तारीख लेखणीतून उतरत असे. शिक्षणाच्या सोयीसाठी माणसाचा जन्मदिवस बदलणारा हा देश, पुढे त्याच माणसाच्या गैरसोयीसाठी शिक्षणाचा एक दिवसही हलविण्यास तयार नसतो, हे या लेखाच्या ओघात दिसून येईलच.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत बारा लाखांच्या किंचित आत होती, आणि तीतील फार मोठा भाग खेड्यांत राहणारा. साक्षरतेचे प्रमाण पुरुषांत शेकडा सुमारे नव्वद आणि स्त्रियांत सुमारे पंचाहत्तर. निती आयोगाने २०१८ साली देशभरातून जे ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि त्या वेळचे उस्मानाबाद यांच्या पंक्तीस वाशीमही बसले. म्हणजे सरकारी भाषेत ज्यास मागासलेला म्हणावयाचे, त्यास आता आकांक्षा असलेला म्हणतात. हे तेच वाशीम, की ज्याचे वाकाटककालीन नाव वत्सगुल्म, आणि जेथे राज्य करणाऱ्या सर्वसेनाच्या नावावर ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आहे. तसेच ज्या कारंजाच्या जैन ग्रंथभांडारांतून निघालेल्या अपभ्रंश पोथ्यांनी विसाव्या शतकातील पंडितांना चकित केले, ते कारंजाही याच जिल्ह्यात. विद्येचा पूर्वापार संबंध आहे. तो टिकविण्यास लागणारा निवांतपणा मात्र सोयाबीन-तुरीच्या शेतीने फारसा कोणाच्या वाट्यास येऊ दिलेला नाही.

पदवी अर्धी सोडणारी माणसे कोण असतात? बारावी होऊन बी.ए. भाग एकला नाव घातले, परीक्षेचा अर्जही भरला, आणि त्याच उन्हाळ्यात लग्न ठरले, अशी मुलगी. वडील अंथरुणास खिळल्यामुळे दुसऱ्या वर्षीच वखराच्या मागे गेलेला थोरला मुलगा. पोलीस भरतीत निवड झाली म्हणून आनंदाने कॉलेज सोडलेला आणि आता फौजदार होण्यासाठी तीच सोडलेली पदवी आड येत असलेला शिपाई. मुलांची वजने करून आणि रजिस्टरे भरून पंधरा वर्षे अंगणवाडी चालविल्यावर मुख्य सेविकेच्या जागेकडे पाहणारी सेविका. तलाठ्याच्या जागेस कोणत्याही शाखेची पदवी अनिवार्य झाल्यापासून तर पदवीविषयीचा हा कळवळा गावोगाव वाढला आहे. या मंडळींपैकी बुद्धी कमी पडली म्हणून शिक्षण सुटले असे क्वचितच कोणी निघेल.

बाहेरून परीक्षा देण्याची चाल तशी जुनी. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच दूरदेशीच्या उमेदवारांना पदवीच्या परीक्षेस बसू दिले. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून प्रौढ, संसारी आणि विधवा स्त्रियांना पुन्हा पाटीपुस्तकाकडे वळविले, आणि धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाने घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रीसही परीक्षेचा दरवाजा उघडा ठेवला. वऱ्हाडात व्हर्नाक्युलर फायनल होऊन नोकरीस लागलेला प्राथमिक शिक्षक, कंदिलाच्या उजेडात वाचून, आधी मॅट्रिक आणि मग इंटर ‘बाहेरून’ देत असे; त्याच्या पिढीतील कित्येकांच्या बी.ए. पदव्या नोकरीची वीस वर्षे झाल्यावर आल्या. आजही दहावी-बारावीचा ‘१७ नंबरचा फॉर्म’ खेड्यात सर्वांना ठाऊक असतो. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली निघाल्यावर वाशीमकडील विद्यार्थ्यांचे नागपूरचे हेलपाटे संपले. त्या विद्यापीठास पुढे, ज्यांनी स्वतः शाळेचे तोंड पाहिले नाही त्या संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले, आणि अशी नामकरणे फारशी योग्य ठरत नाहीत अशा काळात हे एक नामकरण मला पूर्णतः सार्थ वाटते.

परंतु जुन्या बहिःशाल पद्धतीत विद्यापीठ केवळ परीक्षक असे. शिकविण्याची जबाबदारी त्याने घेतलेली नसे. पुस्तके कोणती वाचावीत, प्रश्न कसा सोडवावा, हे ज्याचे त्याने शोधावे आणि मार्चमध्ये येऊन बसावे. हा न्याय उलटा करण्याचे श्रेय मुक्त विद्यापीठांकडे जाते. इंग्लंडचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली सनद मिळवून १९७१ पासून शिकवू लागले. आपल्या देशात १९८२ साली हैदराबादेस पहिले, १९८५ साली दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ साली विधिमंडळाच्या कायद्याने नाशिकचे. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले भौतिकशास्त्रज्ञ राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाजवळ, गोदावरीच्या सान्निध्यात मुख्यालय, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. वाशीमची पैनगंगा वर्धेस, वर्धा पुढे प्राणहितेच्या रूपाने गोदावरीस मिळते. म्हणजे पाणी इकडून तिकडे जाते आणि पुस्तकांचे गठ्ठे तिकडून इकडे येतात. ते येतात अमरावतीच्या विभागीय केंद्राच्या अखत्यारीतील अभ्यासकेंद्रांवर, आणि अभ्यासकेंद्र म्हणजे बहुधा तालुक्याच्या गावचे एखादे कॉलेज, जे आठवड्याचे सहा दिवस तरुणांचे असते आणि रविवारी या मंडळींचे होते.

ही पुस्तके एकदा हातात घेऊन पाहण्यासारखी आहेत. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरूनच ती लिहिलेली असल्यामुळे प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मग प्रास्ताविक, मध्ये ठायी ठायी ‘स्वयं-अध्ययनाचे प्रश्न’ आणि त्यांच्यासाठी सोडलेल्या रिकाम्या ओळी, आणि घटकाच्या शेवटी त्या प्रश्नांची उत्तरे, असा त्यांचा साचा. वापरलेली पुस्तके पाहिली, तर पहिल्या दोन घटकांतील रिकाम्या ओळी पेन्सिलीने व्यवस्थित भरलेल्या आढळतात, तिसऱ्यात एकदोन, आणि पुढे पाने कोरी. वाचन थांबले असा याचा अर्थ नव्हे, लिहिणे थांबले. प्रौढ विद्यार्थ्याची खरी अडचण येथे आहे, आणि ती माहितीपत्रकात कोठेही छापलेली नसते.

रविवारच्या संपर्कसत्रात हे उघड होते. शिकविणाऱ्यास येथे प्राध्यापक न म्हणता समंत्रक म्हणतात. तो पुष्कळदा तिशीचा असतो आणि समोरच्या बाकावर त्याच्या आईच्या वयाच्या बाया असतात. त्या त्याला आदराने ‘सर’ म्हणतात, तो त्यांना ‘ताई’ म्हणावे की ‘काकू’ या संकोचात पहिले सत्र घालवतो. महाराष्ट्रातील समाजसुधारकांवरचा धडा निघाला की हुंडा, सोवळे, पंगतीतील जागा यांविषयी वर्गातून जे ऐकावयास मिळते, ते विशीच्या वर्गात कधीच मिळत नाही. बोलण्यात ही मंडळी पुस्तकाच्या दोन पावले पुढे असतात. आणि मग तेच उत्तर लिहावयास सांगितले की, “सर, समजते सारं, पण लिवाले बसली का हातच चालत नाही,” असे कोणीतरी म्हणते, आणि बाकीच्या माना डोलतात. तीन तास सलग लिहिण्याचा सराव हा गुडघ्यांच्या सरावासारखाच शारीरिक असतो, तो पंधरा वर्षांत मोडतो, आणि तो पुन्हा जोडण्यास गृहपाठाच्या वहीखेरीज इलाज नाही. गृहपाठ दुसऱ्याच्या वहीवरून उतरविण्याची जी खोड सर्वत्र बोकाळली आहे, ती म्हणूनच मला अनैतिकतेपेक्षाही मूर्खपणाची वाटते. ज्या एका कामासाठी गृहपाठ होता, तेच त्यात बुडते.

आता वेळेचा हिशेब करू; कारण ‘लवचिक’ पदवी म्हणजे सोपी पदवी हा समज हिशेबाने जितका दूर होतो तितका उपदेशाने होत नाही. दूरशिक्षणात अभ्यासाचे माप श्रेयांकाने मोजतात, आणि एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास: वाचन, लेखन, संपर्कसत्र, सर्व धरून. दिल्लीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची जुनी बी.ए. ९६ श्रेयांकांची होती, म्हणजे २,८८० तासांची. ती तीन वर्षांत उरकावयाची तर रोज, सणवार आणि सुगी न वगळता, दोन तास अडतीस मिनिटे लागतात. वाशीम तालुक्यातील कोणत्या गृहिणीस दिवसाचे एवढे सलग तास मिळतात, याचा शोध मी तरी लावू शकलेलो नाही. परंतु त्याच पदवीस सहा वर्षांपर्यंत मुदत होती. आणि सहा वर्षांत तोच हिशेब रोजचा एक तास एकोणीस मिनिटांवर येतो. रात्री भांडी घासून झाल्यावर आणि घरातील दूरचित्रवाणी बंद झाल्यावर एवढा वेळ काढता येतो. लवचिकपणाचा सारा अर्थ या वाढीव मुदतीत सामावला आहे. अभ्यास तसूभरही कमी होत नाही, तो फक्त माणसाच्या आयुष्यातील सापटींत बसेल एवढा पातळ करून पसरता येतो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीचे श्रेयांक किमान १२० झाले आहेत, म्हणजे ओझे चतुर्थांशाने वाढले, हे मात्र ध्यानात ठेवावे.

अभ्यासाच्या आधी कागदांचा डोंगर. पुरुषाचे काम एका शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर भागते; बाईचे तसे नाही. तिची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधारपत्र सासरच्या नावाचे, आणि बँकेच्या पुस्तकात तिसरेच काही. ती एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला हवा, आणि लग्न मांडवात झाले असले तरी ग्रामपंचायतीच्या दप्तरात झालेले नसते. मग राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात. एका नावातून दुसऱ्यात जाताना मधल्या रकान्यात वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आणि पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिका शोधण्याच्या कामी ते नाव संगणकास सापडत नाही. याहून विचित्र कागद म्हणजे ‘गॅप सर्टिफिकेट’. नियमित महाविद्यालयात काही वर्षांनी परत जाऊ पाहणाऱ्याने मुद्रांक विक्रेत्याकडून कागद घेऊन असे प्रतिज्ञापत्र करून द्यावयाचे असते, की अमुक सालापासून अमुक सालापर्यंत मी कोणत्याही शिक्षणसंस्थेत दाखल नव्हतो आणि कोणत्याही गैरकृत्यात गुंतलेलो नव्हतो. तहसील कचेरीच्या आवारात टंकलेखकाच्या टेबलाशी उभी राहून, दोन मुले वाढविलेली, सासूचे आजारपण काढलेली, बचत गटाचा हिशेब सांभाळलेली बाई, आपण या बारा वर्षांत काहीही केलेले नाही, असे शपथेवर लिहून देते. मुक्त विद्यापीठाच्या मूळ कल्पनेत या खंडाचा जाब विचारणे बसत नाही, आणि त्या संस्थेचे सर्वांत मोठे औदार्य मला पुस्तकांहूनही यात दिसते.

यावर नवे धोरण काय म्हणते? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मार्गावर थांबे नेमून दिले: एक वर्ष झाल्यास प्रमाणपत्र, दोन झाल्यास पदविका, तीन झाल्यास पदवी, चार झाल्यास सन्मानपदवी. २०२१ साली ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ निघाली. तीत विद्यार्थ्याच्या नावे बारा अंकी क्रमांकाचे खाते उघडते आणि मिळविलेले श्रेयांक तेथे जमा राहतात. तजवीज उत्तम आहे. तिची गोम मुदतीत आहे. जमा श्रेयांक सात वर्षांपर्यंतच चालतात, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे व एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी. नोकरीसाठी दोन वर्षे पुण्यास गेलेल्या तरुणास हे पुरेसे होते. मानोऱ्याच्या तांड्यावरील मुलीचा हिशेब निराळा: एकोणिसाव्या वर्षी लग्न, बाविसाव्या वर्षापर्यंत दोन मुले, आणि धाकटे मूल पाचवीत जाऊन स्वतःच्या हाताने जेवूनखाऊन शाळेत जाऊ लागेपर्यंत तिची तिशी उलटलेली. ती परत येते तेव्हा बँकेने तिची ठेव बुडीत काढलेली असते, आणि त्याहून जुन्या पिढीची तर ठेवच कधी जमा झाली नव्हती. परिणामी पहिल्यापासून आरंभ. आयोगात मुदती ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विद्यार्थी म्हणून जो उभा होता, त्याला मूलबाळ नव्हते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

दुसरी शंका पारावर नेहमी निघते: मुक्तची पदवी चालते का? सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने पुन्हा स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त संस्थेने मुक्त व दूरस्थ पद्धतीने दिलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची होय. चालते. प्रवेशापूर्वी संस्थेचे नाव आयोगाच्या चालू वर्षाच्या यादीत आहे की नाही, एवढे स्वतः पाहावे. दलालाच्या तोंडी खात्रीवर विसंबू नये.

नियमांहूनही जाचक म्हणजे पंचांग. विद्यापीठाचे वर्ष शहराच्या वर्षावर बेतलेले आहे. प्रवेश जुलैत उघडतात, तेव्हा पेरणी उरकून डवरणी सुरू असते. दिवाळीच्या आगेमागे गृहपाठाच्या तारखा येतात, तेव्हा सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. आणि वर्षानुवर्षे परीक्षा मे-जूनच्या सुमारास, म्हणजे विदर्भाच्या उन्हाचा कळस, लग्नसराई आणि खरिपाची मशागत यांच्या नेमक्या मध्यावर. या भागातील शेतकऱ्यास खरी उसंत डिसेंबर-जानेवारीनंतर, कोरडवाहू रान मोकळे झाल्यावर मिळते. त्या दिवसांत सलग संपर्कसत्रे आणि फेब्रुवारीच्या अखेरीस परीक्षा ठेवली, तर अभ्यासक्रमातील एक अक्षरही न बदलता कितीतरी नापास माणसे उत्तीर्ण होतील, असे माझे मत आहे. ज्या व्यवस्थेने वेळेचे बंधन सैल केले, तिने ऋतूचे करू नये याला कारण दिसत नाही.

आणि खंडात जे शिकले गेले त्याचे काय? अंगणवाडी सेविका बालकाच्या वाढीचा तक्ता भरते, वजन घटले तर घरी जाऊन कारण शोधते, लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेच्या बरोबरीने राबते, आणि हे सर्व आता मोबाइलवर नोंदविते. बी.ए.च्या समाजशास्त्रात बालकल्याणाचा जो घटक असतो, त्याचे प्रात्यक्षिक तिने एका तपाहून अधिक केलेले असते. तरीही त्या घटकाची ती परीक्षा देते ती विशीच्या मुलासारखीच, कोऱ्या पाटीने. २०२३ ची राष्ट्रीय श्रेयांक चौकट अनुभवातून आलेल्या ज्ञानासही श्रेयांक देता येतील असे म्हणते. कोणासही फुकट गुण द्यावेत असे मी म्हणत नाही. तशी खैरात सुरू झाली की पदवीची किंमत पंधरा दिवसांत उतरेल आणि तिचा पहिला फटका याच बायांना बसेल. परंतु रजिस्टरे तपासून, तोंडी परीक्षा घेऊन, आठ-दहा श्रेयांकांपुरते तरी हे ज्ञान मोजण्यास हरकत नसावी. मोजण्याची तसदी कोणी घ्यावी, एवढाच प्रश्न आहे.

शेवटी वयाची गोष्ट. महाराष्ट्र शासनाच्या सरळसेवा भरतीस खुल्या प्रवर्गात अडतिसाव्या आणि मागासवर्गीयांस त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत बसता येते. बेचाळिसाव्या वर्षी आरंभ करून सहा वर्षांत जी बी.ए. पुरी होते, तिला तलाठ्याची परीक्षा नाही, फौजदारकी नाही. खात्यांतर्गत बढतीची वाट असली तर असली. असे असूनही संपर्कसत्राच्या बाकांवर पंचेचाळिशीच्या बाया आणि निवृत्तीस टेकलेले पोलीस दिसतात, आणि हे कशासाठी असे विचारल्यास एक सरळ उत्तर मिळत नाही. कोणी म्हणते, लेक बारावीला आहे, तिच्याबरोबर बसते. कोणी सरपंच होऊन गेलेली असते आणि अंदाजपत्रकाच्या सभेत ग्रामसेवकाने वाचून दाखविलेल्या कागदावर सही केल्याचे तिला अजून बोचत असते. कोणास निवडणुकीच्या पत्रकात नावापुढे दोन अक्षरे हवी असतात, आणि तेही कारण मला हलके वाटत नाही. निकाल लागतो, गुणपत्रिका अभ्यासकेंद्रावर येते, कारकून रजिस्टरात पोच घेतो. आणि सही करून झाल्यावर यांतली एखादी बाई, पिशवी खांद्यास लावता लावता, एम.ए. मराठीची फी किती आणि मुदत कधीपर्यंत, याची चौकशी करते.